म्हसोबाचा टर्की आणि डावी नळी

गेल्या रविवारी फोनवर तू मला विचारलंस, "आजी, टर्कीसाठी कुठला चोक लावू आणि कितव्या नंबरचे छर्रे घेऊ?" तू विचारलंस आणि तुझी बहीण उठून गेली. स्क्रीनवरच्या तिच्या चौकटीत बराच वेळ नुसती खुर्ची दिसत होती. तू तिकडे परदेशात सासऱ्यांबरोबर पहिल्यांदाच शिकारीला निघाला आहेस आणि त्यांच्यापुढे अगदी नवखा दिसायची तुझी तयारी नाही. तिला वाटतं, पक्षी मारायला निघालेल्या भावाला आजीने सल्ला देऊच नये. मला दोघांचंही पटलं, म्हणून मी गप्प बसले. तुमचे आजोबा मागून ओरडत होते, "त्याला सांग, आधी कागदावर मारून बघ." ते तुला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.

म्हणून हे सावकाश लिहिते आहे, दोघांसाठी. रानातल्या टर्कीची शिकार मी कधी पाहिलेली नाही. पण एका टर्कीसाठी नळी आणि काडतूस निवडायला मी स्वतः बसले होते, इथेच, दौंड तालुक्यात, आपल्या शेतावर. तुम्ही तेव्हा कॉलेजात होतात. आम्ही तुम्हाला फोनवर "शेजाऱ्यांचा पळालेला टर्की सापडला" एवढंच सांगितलं होतं.

आपल्या ओढ्यापलीकडचं घर तुम्हाला आठवत असेल. दोन पिढ्यांपूर्वी मेंढरं घेऊन फिरणारी ही धनगर माणसं. आता ऊस आणि कांदा करतात. घरचे कर्ते ते आप्पा. त्यांच्या वडिलांना सगळे आबा म्हणतात. आबांना ऐकू कमी येतं, पण देवधर्माच्या बाबतीत त्या घरात शेवटचा शब्द त्यांचा. आप्पांच्या बायकोला मी वहिनी म्हणते. मी शिरूरच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे त्या सगळ्यांसाठी मी "बाई", आणि साखर कारखान्यात इंजिनियर होते म्हणून तुमचे आजोबा "सायब". निवृत्त होऊन शेतावर राहायला आलो तेव्हा पहिल्या दिवशी चहा त्यांच्याकडून आला होता.

त्यांचा मुलगा कुरकुंभला एका कंपनीत कामाला आहे. एकदा कामावरून येताना हायवेवर त्याच्या मोटरसायकलला टेम्पोने उडवलं. त्याला पुण्याला हलवलं, आणि तो शुद्धीवर येईल की नाही हे डॉक्टरही सांगत नव्हते. वहिनी कॅनॉलच्या कडेच्या म्हसोबापुढे गेल्या आणि नवस बोलल्या: पोरगा उठू दे, घरातला सगळ्यात मोठा कोंबडा तुला देईन आणि तो देईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही.

पोरगा उठला. थोडा लंगडत, पण स्वतःच्या पायांवर घरी आला. आता कोंबडा द्यायचा. वहिनींच्या मनात होता तो त्यांचा लाल कोंबडा, सकाळी सगळ्या वस्तीला उठवणारा. पण त्याच मुलाने अपघाताच्या आदल्या वर्षी हौसेने टर्कीची पिल्लं आणली होती. बाकीची गेली, एक नर जगला आणि चांगला फुगला. वहिनींनीच त्याला भिजवलेली कणी भरवून वाढवलं होतं.

आबा म्हणाले, "सगळ्यात मोठा म्हनलीस ना? मग टर्की."

आजोबा तिथेच बसले होते. ते म्हणाले, "आबा, टर्की म्हणजे कोंबडा नव्हे. त्याची जात निराळी."

"त्याच्या गळ्याला लाल लोंबतंय का न्हाई?"

"लोंबतं."

"सकाळी वरडतो का न्हाई?"

"ओरडतो, पण ते आरवणं नव्हे."

"पिसारा फुलवून कोंबड्यांच्या मागं लागतो का न्हाई?"

आजोबांना हे नाकारता येईना. आबा म्हणाले, "मग तुमच्या पुस्तकात काय बी असू द्या. देवानं ऐकलंय मोठा. आता ल्हान द्यायला जाशील तर त्यो काय आंधळा हाय का?"

वहिनींनी मान डोलावली. त्यांनाही तसंच वाटत होतं. मला वाटतं, आबा काही बोलले नसते तरी त्यांनी टर्कीच दिला असता. पोराचा जीव मागितला होता. तिथे हातचं राखायला त्यांचं मन धजलं नसतं.

नवस फेडायचा रविवार ठरला आणि त्याच आठवड्यात मोकाट कुत्री खुराड्यात शिरली. कोंबड्या इकडेतिकडे पांगल्या आणि संध्याकाळपर्यंत परत आल्या. टर्की आला नाही. तो ओढ्याच्या कडेने वर गेला आणि मोरांच्यात जाऊन राहिला.

आपल्या ओढ्यावरचे मोर तुम्ही पाहिलेत. सकाळी भुईमुगात उतरतात, ऊन वाढलं की उसात शिरतात, रात्री बाभळींवर बसतात. टर्कीने त्यांचा दिनक्रम उचलला. पाच-सहा लांडोरींच्या मधोमध हा काळा, जाडजूड, पिसाऱ्याचा पंखा फुलवून उभा. लांडोरी त्याच्याकडे ढुंकून बघत नव्हत्या आणि तो कंटाळत नव्हता. आप्पांचा मुलगा म्हणाला, "आमच्या कंपनीतल्या नव्या सुपरवायझरसारखं चाललंय याचं. कोन इचारत न्हाई, पन छाती काढून हुभा."

पकडायला गेलं की तो उसात घुसायचा. ऊस डोक्याच्या वर गेलेला, एकाला एक लागून तीन मालकांची शेतं. माणसाची चाहूल लागली की आत अगदी चिडीचूप. दाणे टाकून पाहिले, ते मोरांनी खाल्ले. असे आठवडे चालले.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण वहिनी अनवाणी होत्या आणि वहिनींना साखर आहे. सुरुवातीला टाचांना भेगा पडल्या. मग वेड्या बाभळीचा काटा अंगठ्याच्या खाली मोडला. त्यांना तो कळलाच नाही, कारण साखरेने पायाची जाणीव कमी झालेली. मला कळलं ते त्या आमच्या ओट्यावर बसल्या होत्या तेव्हा. फरशीवर ओला डाग उमटला होता.

मी त्यांना दौंडला डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर तरुण आणि शांत होते. जखम धुतली, पट्टी बांधली, आणि सरळ सांगितलं, "मावशी, आजपासून घरातसुद्धा मऊ चप्पल. नाहीतर आधी अंगठा काढावा लागेल, मग पाऊल."

वहिनी म्हणाल्या, "देवाचं झालं की घालीन."

"कधी होणार देवाचं?"

"त्यो घावला की."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. उसात हरवलेल्या टर्कीची गोष्ट दवाखान्यात कशी सांगायची हे मला सुचलं नाही. परत येताना गाडीत मी म्हटलं, "वहिनी, मोजे तरी घाला. मोजे म्हणजे काही चप्पल नव्हे."

त्यांनी खरोखर विचार केला. मग म्हणाल्या, "न्हाई बाई. म्हसोबा म्हनंल, बाईनं शिकवलंय हिला."

"मग ही पट्टी कशी चालते?"

"पट्टी औशिद हाय. औशिदाला न्हाई म्हनलं न्हवतं म्या."

त्या हसत नव्हत्या. देवाशी केलेल्या व्यवहारात कुठे काय बसतं आणि कुठे बसत नाही, हे त्या मनाशी स्वच्छ मांडत होत्या. मी पुढे वाद घातला नाही. वाद घालून त्या चप्पल घालणार असत्या तर मी दिवसभर घातला असता. मुलाला मात्र डॉक्टरांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. तो गाडीच्या टपावर बोटं आपटत म्हणाला, "माझ्यापायी तिचा पाय जायला नको, बाई."

दुसऱ्या दिवशी आप्पा आले. चहा झाला, पाटाच्या पाळीचं बोलणं झालं, आणि मग ते म्हणाले, "सायब, आता बंदूकच काढा."

ही बंदूक तुम्ही लहानपणी फारशी पाहिली नसेल, कारण ती कुलपात असते आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा होते. तुमच्या पणजोबांची बारा बोअरची दुनळी. परवाना पीक राखण्याचा. रानडुकरं मक्यात उतरली की आजोबा बांधावरून एक बार काढतात, तेवढंच तिचं काम. शिकार आपल्याकडे कायद्याने कधीच बंद झाली. पण टर्की काही रानातला पक्षी नव्हे, तो आप्पांच्या घरचा, त्यांच्या मालकीचा. आजोबांनी तरीही पोलीस पाटलांना फोन करून सगळं सांगितलं. पाटील म्हणाले, "टर्कीला काय बी करा सायब, पन मोराला धक्का लागला तर मी तुम्हाला वळखत न्हाई."

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर येतं आहे.

तुझ्या नव्या बंदुकीला नळीच्या तोंडात फिरवून बसवायचे, तोंड कमीजास्त आवळणारे चोक मिळतात. आपल्या जुन्या दुनळीला तशी सोय नाही. तिची उजवी नळी शेवटपर्यंत जवळजवळ सरळ आहे आणि डावी तोंडाशी किंचित आवळलेली. पुढचा चाप ओढला की उजवी उडते, मागचा ओढला की डावी. बागेत पाणी घालताना पाइपाच्या तोंडावर अंगठा दाबला की धार बारीक होऊन लांब जाते, तसंच काहीसं. उजव्या नळीतून छर्रे लवकर फाकतात. जवळच्या, उडत्या पक्ष्याला ती बरी. डावीतून ते बराच वेळ एकत्र राहतात. लांबच्या, उभ्या पक्ष्याला ती. तुझा टर्की उभा असणार, म्हणून तुझ्या सासऱ्यांनी आवळ चोक सुचवला असेल तर ते बरोबर आहे.

मग काडतूस. नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक, हे उलटं वाटतं, पण तसंच आहे. आजोबांनी घरातली काडतुसं टेबलावर मांडली आणि मी वर्तमानपत्र पसरलं, कारण त्या टेबलावर आम्ही जेवतो. आठ नंबर त्यांनी लगेच बाजूला सारलं. "हा चिमण्यांसारख्या पाखरांचा माल. टर्कीला नुसता जखमी करील." डुकरांसाठीची जाड काडतुसंही बाजूला गेली. राहिले चार, सहा आणि चाराहून जाड छर्र्याचं बीबी. आजोबा म्हणाले, टर्कीच्या अंगावर पिसांचं चिलखत असतं. मारायचं ते डोक्यात आणि मानेत, आणि एकाच बारात. तिथे लागायचं तर छर्रे पुष्कळ हवेत आणि दाटही हवेत. त्यांचा कल चार नंबर आणि डाव्या नळीकडे होता.

मी विचारलं, "आणि शेजारी लांडोर उभी असली तर?"

"म्हणूनच डावी."

"पण कळणार कसं?"

तेव्हा ते तेच म्हणाले जे त्यांनी रविवारी तुला ओरडून सांगितलं. कागदावर मारून बघू.

नव्या फ्रिजचा मोठा खोका घरात होता. त्याच्या पुठ्ठ्यावर मी मार्करने एक टर्की काढला आणि दोन लांडोरी काढल्या, खऱ्या आकाराच्या. कात्रीने कापून काठ्यांना लावल्या. ओढ्यावर ते जसे उभे असत तसेच उभे केले, टर्की मध्ये, लांडोरी दोन्ही बाजूंना. आजोबा म्हणाले, "तुझी लांडोर कोंबडीसारखी दिसते." मी म्हटलं, "छर्र्यांना कळायचं नाही." शेततळ्याच्या मातीच्या भरावापुढे हे तिघं उभे राहिले. भरावामुळे छर्रे मातीतच जिरणार होते, पलीकडे वस्ती नाही. टर्की माणसाला जितकं जवळ येऊ द्यायचा, तितकं अंतर आप्पांनी चालून दाखवलं.

बघायला सगळे जमले. आबांना मुलाने हाताला धरून आणलं. वहिनी पट्टीवर प्लास्टिकची पिशवी बांधून आल्या आणि बांधावर बसल्या. पिशवी औषधात मोडते की चपलेत, हे मी विचारलं नाही.

पहिला बार, डावी नळी, चार नंबर. कावळे उठले. आम्ही पुठ्ठ्याजवळ गेलो. टर्कीच्या मानेची चाळण झाली होती. आप्पा म्हणाले, "झालं की सायब." पण मी लांडोरींच्या पुठ्ठ्यांवर बोट फिरवत होते. डावीकडच्या लांडोरीच्या छातीत दोन भोकं होती आणि दुसरीच्या पायाशी एक.

जुन्या भोकांवर मी दर वेळी मार्करने फुल्या मारत होते. दुसरा बार, सहा नंबर. मानेत जास्त भोकं, आणि लांडोरीतही जास्त. बीबी मारून पाहिलं तर मानेत मोजकीच, पण एक भोक थेट लांडोरीच्या डोळ्याच्या जागी, जिथे मी मार्करने ठिपका दिला होता. आजोबांनी त्या भोकावर करंगळी टेकवली. नळी कितीही आवळलेली असली तरी दोन-चार छर्रे आपल्या वाटेने जातातच. माळरानावर एकटा पक्षी असता तर त्यांचं कुणाला काही वाटलं नसतं.

इतक्यात आबांनी विचारलं, "ह्यो टर्की मरंल का असा?"

आप्पा त्यांच्या कानाशी मोठ्याने म्हणाले, "मरंल की. जागच्या जागी."

"मरून कसं चालंल? म्हसोबाला मेलेला देतात व्हय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. इतके दिवस आम्ही नळ्या आणि नंबर बघत होतो, आणि नवसाचा पक्षी देवापुढे जिवंत न्यायचा असतो हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आप्पांच्या नाही, वहिनींच्या नाही, आणि आम्हा दोघांच्या तर नाहीच.

आप्पा म्हणाले, "सायब, मग नुसता पंखात मारा. पडंल, आन् धरू."

"पंखात?"

"थोडं लागलं तरी पुरं."

आजोबांनी बंदूक सांध्यात उघडून हातावर आडवी घेतली. "आप्पा, छर्रे सांगून जात नाहीत. आणि पक्ष्याला अर्धवट मारायचं म्हणून मी बार काढणार नाही. वडिलांनी शिकवलंय, मारायचं तर एकदम, नाहीतर नळी खाली."

"मग हिच्या पायाचं काय करू?" आप्पा म्हणाले. आवाज चढवून नव्हे. अगदी हळू विचारलं. मुलगा आईच्या पायावरच्या पिशवीकडे बघत होता.

वहिनी मात्र आमच्याकडे बघत नव्हत्या. त्यांचं तोंड उसाकडे होतं.

"सायब, अजून एक बार काढा," त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"काढा तर. त्यो बोलला मघाशी. मला वाटलं भास झाला."

आजोबांनी नळीत काडतूस घातलं आणि भरावात बार काढला. आवाज विरतो न विरतो तोच उसातून, आपल्या नव्हे, पलीकडच्या शेतातून, खळखळ हसल्यासारखा आवाज आला. घशात पाणी घेऊन कुणी ओरडावं तसा. आप्पांच्या मुलाने टाळी वाजवली आणि त्या टाळीलाही तो ओरडला.

वहिनी म्हणाल्या, "घरी बी असाच होता. कुकरची शिट्टी झाली की वरडायचा. कंपनीच्या बसनं हारन मारला की वरडायचा. उत्तर दिल्याबिगर ऱ्हायचा न्हाई, मेला."

पुढे मी इंग्रजीत वाचलं की हा टर्कीचा जातिस्वभावच आहे. मोठा आवाज झाला, वीज कडाडली, घुबड ओरडलं, की नर न राहवून उत्तर देतो, आणि तिकडचे शिकारी यावरूनच त्याचा ठाव घेतात. तुझ्या सासऱ्यांना हे नक्की ठाऊक असणार. आम्हाला ते काडतूस निवडता निवडता कळलं. त्यानंतर काडतूस कुठलं याला काही अर्थ राहिला नाही. फक्त आवाज पुरेसा होता.

दुसऱ्या दिवशी उजाडताच सगळे पुन्हा जमलो. आप्पांनी माळ्यावरची वाघर काढली होती. वाघर म्हणजे मेंढरं रात्री कोंडायला लावतात ते सुतळीचं जाळं. मेंढरं विकून किती वर्षं झाली, तरी ती त्यांनी टाकली नव्हती. उसाच्या आणि ओढ्याच्या मधल्या वाटेवर आप्पा, मुलगा आणि दोन भावकीतले ती धरून बसले. वहिनींना घरी राहायला सांगितलं होतं. त्या माझ्या शेजारी उभ्या होत्या.

आजोबांनी भरावात बार काढला. सगळे मोर एकदम उडाले आणि केकाटत पलीकडच्या बाभळींवर गेले. टर्कीने जागेवरून उत्तर दिलं. दुसऱ्या बाराला आवाज जवळून आला. तो कुतूहलाने आवाजाकडे चालत येत होता. मग तो उसाच्या कडेला दिसला. जाळ्यापासून मात्र लांब, आणि माणसं दिसताच थबकला. आता परत आत जाणार असं वाटलं.

तेव्हा वहिनी पुढे झाल्या. त्या खाली बसल्या, पदर पुढे धरला आणि त्याला पिल्लू असताना बोलवत तसं बोलावलं, "ये, ये, ये, ये." त्याने मान वाकडी केली. पिसारा फुलवला. आणि तो सरळ त्यांच्याकडे चालत आला, वाटेवरून, वाघरीच्या पुढून. आप्पांनी जाळं टाकलं. त्याने आप्पांच्या मांडीला अशी लाथ मारली की आप्पा आठवडाभर खुरडत होते, पण सुटला नाही.

सगळे आनंदले. वहिनी तेवढ्या पदर धरून तशाच बसून राहिल्या. मी त्यांना उठवायला गेले तर म्हणाल्या, "माझ्या हाकंवर आला, बाई."

मी म्हटलं, "आबांना विचारू का? देवाच्या नावानं सोडून देता येईल का, ते?"

"न्हाई. सोडीन म्हनलं न्हवतं. देईन म्हनलं हुतं." जरा थांबून त्या म्हणाल्या, "पोरगा बी त्यानं जित्ताच दिलाय. तिथं म्या घासाघीस करू व्हय?"

त्या रविवारी म्हसोबाला गेलो. पोरी, तू आत्ता वाचणं थांबवलं नसलंस तर ऐक. मी तुझ्यासारखी उठून गेले नाही, पण तोंड फिरवलं. त्या पक्ष्याची मला दया आली, आणि वहिनींची त्याहून जास्त. त्यांनी तोंड फिरवलं नाही. शेवटपर्यंत त्याच्या पाठीवर त्यांचा हात होता. नंतर रस्सा झाला, सगळ्या वस्तीने खाल्ला, मांस फार चिवट होतं. वहिनींनी भाकरी आणि चटणी घेतली, आणि कुणी आग्रह केला नाही.

आणि तू, तुला जर नंबर हवाच असेल तर चार किंवा पाच घे, आणि आवळ चोक. पण आधी पुठ्ठा उभा कर, तू ज्या अंतरावरून मारणार त्याच अंतरावर, आणि नुसता टर्कीचा नको. त्याच्या शेजारी जे जे उभं असू शकेल, तेही काप आणि उभं कर. आजोबा म्हणतात, तुझी लांडोर आजीच्या लांडोरीपेक्षा बरी दिसली पाहिजे.

त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. म्हसोबापुढे नारळ फुटला, आबांनी अंगारा लावला आणि म्हणाले, "झालं. फिटलं." मुलगा इतका वेळ मोटरसायकलपाशी उभा होता. त्याने डिकीतून चपला काढल्या. डॉक्टरांनी सांगितलेल्या, साखरेच्या माणसांसाठीच्या, काळ्या, मऊ. दवाखान्यात गेलो होतो त्या आठवड्यातच आणून ठेवल्या होत्या त्याने, कुणाला न सांगता. तो लंगडा पाय लांब करून आईपुढे जमिनीवर बसला आणि पट्टीवरून पट्टा लावायला लागला.

"पाया काय पडतोस? पट्टा लाव नीट," वहिनी म्हणाल्या.

"लावतोय. पाय हलवू नको."

"गार लागतंय."

"लागू दे."

त्या उठल्या. दोन पावलं टाकली, जणू पायाखाली काय आहे ते तपासत. मग त्यांना आठवलं की निघताना देवाला नमस्कार राहिला. त्या वळल्या, देवाच्या ओट्याकडे गेल्या आणि सवयीने वाकून पट्टा सोडायला लागल्या. देवापुढे चप्पल काढायची असते, हे कुणाला शिकवावं लागत नाही. मुलगा ओरडला, "आई!" आप्पा ओरडले. मीही पुढे झाले. तिथली जमीन सगळी काटेरी.

वहिनी पट्ट्यावर हात ठेवून वाकलेल्या तशाच थांबल्या. आबांकडे बघितलं. आबांना काय चाललं आहे ते ऐकू आलं नव्हतं, पण दिसलं होतं. त्यांनी हाताने नुसतं मागे सरक अशी खूण केली.

वहिनी मागे सरकल्या. रस्त्याच्या कडेपर्यंत आल्या, चपला पायात, आणि तिथून हात जोडले. "हितनंच घे बाबा," त्या म्हणाल्या, "डाक्टरनं सांगितलंय."

अंगठा वाचला. जखम भरायला बराच काळ गेला आणि त्या अजूनही चालताना पाय जरा जपून टाकतात. कॅनॉलवरून जाताना त्या दर वेळी रस्त्याच्या त्याच कडेला थांबतात, आणि मी बरोबर असले तर मीही थांबते.